मॅजिकचं दुकानातलं स्टँडर्ड कोणी बुडवलं? खापर फोडायचंच तर नीट जागी फोडा

पुण्याहून एकाने प्रश्न विचारलाय, तो आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. त्यांचा दहा-बारा जणांचा मॅजिक द गॅदरिंग या कार्डांच्या गेमचा ग्रुप आहे, रविवारी जमतात आणि खेळण्यापेक्षा भांडणच जास्त करतात. एक म्हणतो हॅस्ब्रोच्या, म्हणजे मॅजिकच्या मालक कंपनीच्या, हावरटपणाने गेमची वाट लावली, दुसरा म्हणतो इंटरनेटवर मॅजिक खेळायचं अरीना ॲप आलं आणि लोकं घरी बसली, तिसऱ्याच्या मते सगळं पाप कमांडर हा मॅजिकचा दुसरा प्रकार खेळणाऱ्यांचं, आणि चौथा म्हणतो अरे काही नाही, कोव्हिड. तर दुकानात जाऊन स्टँडर्ड हा प्रकार खेळणं जे बंद पडलं ते नक्की कोणामुळे, आणि आता कागदी स्टँडर्ड डेक बनवण्यात काही अर्थ उरलाय का.

मी इकडे न्यू जर्सीत, बरीच वर्षं कार्डांच्या एका दुकानात शुक्रवार-शनिवार काउंटर सांभाळतो आणि स्पर्धा असल्या की जज म्हणून उभा असतो. त्यामुळे कंपनीच्या मीटिंगमध्ये काय शिजलं ते मला विचारू नका, पण काउंटरच्या अलीकडून जे दिसलं ते सांगू शकतो आणि त्यावरून माझं मत पक्कं झालंय.

आधी एक. "मॅजिक मेलं" ही बोंब खोटी आहे. २०२२ साली मॅजिक हा हॅस्ब्रोचा पहिला अब्ज डॉलरचा ब्रँड झाला. २०२३ चा लॉर्ड ऑफ द रिंग्जचा सेट (सेट म्हणजे एकत्र बाजारात आणलेली नवी कार्डं) तुफान चालला, आणि जून २०२५ मध्ये फायनल फँटसीच्या सेटने एका दिवसात २० कोटी डॉलरची विक्री केली. मेलेल्या गेमचं हे असं नसतं. बुडालं ते एक विशिष्ट प्रकरण: शुक्रवारी संध्याकाळी साठ कार्डांचा डेक खिशात घालून जवळच्या दुकानात जायचं आणि चार राउंड स्टँडर्ड खेळून यायचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, स्टँडर्ड म्हणजे फक्त गेल्या दोन-तीन वर्षांतल्या सेटमधली कार्डं चालतात, जुने सेट ठरलेल्या वेळी बाद होतात, त्याला रोटेशन म्हणायचं. १९९५ ला टाइप टू या नावाने सुरू झालं आणि वीसेक वर्षं हाच मुख्य फॉरमॅट (खेळायचा प्रकार) होता, नवीन माणूस आला की आपण त्याला आधी स्टँडर्डलाच बसवायचो. ते २०२२ पर्यंत इतकं रोडावलं की कंपनीच्या डिझाईनच्या मोठ्या साहेबांनी, म्हणजे ॲरन फोर्साइथ यांनी, स्वतः ट्विटरवर लोकांना विचारलं की बाबांनो दुकानात स्टँडर्ड का खेळत नाही तुम्ही. उत्तरांचा असा पाऊस पडला की विचारायची सोय नाही, आणि त्यातही तुमच्या ग्रुपसारखेच चार पक्ष.

आता हॅस्ब्रो. यांना शिव्या घालणं सगळ्यात सोपं आणि थोड्याफार अंशी ते त्यांनी कमावलेलंही आहे. पण हॅस्ब्रोने मॅजिक बनवणारी विझार्ड्स ऑफ द कोस्ट विकत घेतली १९९९ मध्ये, आणि त्यानंतर जवळपास पंधरा-सोळा वर्षं स्टँडर्ड दणक्यात चाललं की. बरं हावरटपणा म्हणाल तर तो हॅस्ब्रोच्या आधीचाच आहे. १९९४ चा फॉलन एम्पायर्स सेट घ्या, त्याआधी माल इतका तुटपुंजा यायचा की दुकानदार हवे त्याच्या तिप्पट-चौपट बॉक्स मागवून ठेवायचे, कारण हातात पडायचे थोडेच, आणि या वेळी कंपनीने सगळाच्या सगळा माल छापून पाठवला. ती पाकिटं कित्येक वर्षं दुकानांत धूळ खात पडली होती. पुढच्या वर्षी क्रॉनिकल्स सेटमध्ये जुनी कार्डं परत छापली तर संग्राहक असे खवळले की १९९६ ला रिझर्व्ह्ड लिस्ट काढून वचन द्यावं लागलं की अमुक कार्डं पुन्हा कधी छापणार नाही. म्हणजे "कंपनी लोभी आहे" हे १९९४ लाही खरं, २००९ लाही खरं आणि आजही. मग स्टँडर्ड २०१९-२० लाच का कोसळलं? जे कारण कायमच हजर होतं त्याने अचानक झालेली पडझड समजत नाही ना.

तीच गोष्ट मॅजिकच्या ३०व्या वाढदिवसाच्या पाकिटांची. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चार पाकिटं ९९९ डॉलरला विकायला काढली, कार्डं स्पर्धेत चालणारही नाहीत अशी, आणि त्याच महिन्यात बँक ऑफ अमेरिकाने हॅस्ब्रोच्या शेअरचं रेटिंग खाली आणलं, म्हटलं की हे लोक अति छापून सोन्याची अंडी देणारी कोंबडी मारतायत. भांडणात हे दोन्ही पुरावे नेहमी फेकले जातात. लाजिरवाणं होतंच ते, पण स्टँडर्डशी त्याचा काडीचा संबंध नाही, त्याच्या अडीच-तीन वर्षं आधीच आमच्याकडची शुक्रवारची टेबलं रिकामी झाली होती. आणि गंमत म्हणजे काउंटरवर हॅस्ब्रोला सगळ्यात मोठ्याने शिव्या देणारा गडीच कलेक्टर बूस्टर या महागड्या पाकिटांच्या बॉक्सचं बुकिंग सगळ्यात आधी करतो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता हसूही येत नाही.

मग माझं म्हणणं काय. स्टँडर्ड उभं होतं एका शिडीवर, आणि ती शिडी कंपनीच्या स्पर्धा चालवणाऱ्या विभागाने स्वतःच्या हाताने एकेक पायरी करत काढली. डिझाईनवाल्यांनी त्यात भर घातली, पण मुख्य आरोपी विचाराल तर तो तिथे आहे.

शिडी म्हणजे काय ते जरा नीट सांगतो कारण बाहेरून हे कळत नाही. पहिली प्रो टूर, म्हणजे सगळ्यात वरची स्पर्धा, १९९६ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कला झाली, आणि २००० पासून दुकानांत फ्रायडे नाइट मॅजिक. खाली शुक्रवारचं दुकान, मध्ये पात्रता फेऱ्या, वर प्रो टूर. आता आमच्या दुकानात येणाऱ्या वीस-पंचवीस जणांपैकी प्रो टूरला जायची खरी शक्यता असलेले तीन किंवा चार, बाकीचे कॉलेजची पोरं, ऑफिसातून थेट आलेले, एखादा बाप-लेक. पण ते तीन-चार जण सगळ्या दुकानाला ओढून आणायचे. शनिवारी पात्रता फेरी असली की बुधवारपासून फोन सुरू, अमुक कार्डाची चौथी कॉपी आहे का, बाजूला ठेव, शुक्रवारी घेतो. शुक्रवारी हा माणूस येणार म्हटल्यावर बाकीच्यांना त्याच्याविरुद्ध खेळायचं असायचं, कारण त्याला एकदा जरी हरवलं तरी महिनाभर सांगायला होतं. सायडबोर्डमध्ये, म्हणजे बदली कार्डांत, काय ठेवलंस, का ठेवलंस, यावर राउंडच्या मधल्या वेळात चर्चा. रोटेशनला चार-पाच महिने उरले की हेच लोक आपली महाग कार्डं काउंटरवर विकायचे, किमती उतरायच्या आत, आणि ती कार्डं जरा स्वस्तात त्या कॉलेजच्या पोरांकडे जायची. त्या पोरांना वर्षभर खेळता यायचं, वरच्यांना पुढच्या डेकला पैसे मिळायचे, आम्हाला मधला नफा. हे सगळं चक्र त्या तीन-चार लोकांच्या "मला वर जायचंय" यावर फिरायचं. जो कधीच वर जाणार नव्हता त्याचाही शुक्रवार त्याच इच्छेवर चालत होता, फक्त त्याला ते माहीत नव्हतं.

आता ही शिडी कशी काढली बघा. आधी रोटेशनशी खेळले. २०१४ ला जाहीर केलं की आता वर्षातून एकदा नाही तर दोनदा रोटेशन, म्हणजे कार्डाचं आयुष्य जेमतेम दीड वर्ष. लोक वैतागले, २०१६ च्या शेवटी निर्णय मागे घेतला, पण दोन वर्षं ज्याने पैसे घातले त्याच्या डोक्यात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. मग २०१७ मध्ये इक्सालान सेटपासून फ्रायडे नाइटला जी चमकती प्रोमो (बक्षिसाची) कार्डं मिळायची त्याच्या जागी दोन्ही बाजूंनी छापलेली टोकन्स (खेळताना खूण म्हणून ठेवायची कार्डं) द्यायला लागले. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ते फॉइल कार्ड म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर येणाऱ्याचं पाच डॉलरची फी वसूल झाल्याचं समाधान होतं, आणि टोकन लोक टेबलावरच सोडून जायचे, रात्री बंद करताना आम्ही ती गोळा करून डब्यात टाकायचो.

मग पात्रता फेऱ्या. २०१५ च्या सुमाराला पीपीटीक्यू नावाचा प्रकार आला होता, छोट्या दुकानातही प्राथमिक पात्रता फेरी घेता यायची. खरं सांगायचं तर आम्ही जज लोकच त्याच्या नावाने बोटं मोडायचो, कारण प्रत्येक फेरीला लेव्हल टूचा जज लागायचा आणि आमचा एकही रविवार घरी जात नव्हता, बायको म्हणायची गादी तिकडेच टाक. पण त्यामुळे दुकानाच्या दारातून प्रो टूरचा रस्ता दिसत होता हे नाकारता येणार नाही. २०१८ नंतर ते बंद. डिसेंबर २०१८ ला मोठी घोषणा झाली: ई-स्पोर्ट्स, २०१९ साठी एक कोटी डॉलर, मॅजिक प्रो लीग, ३२ खेळाडूंना ७५,००० डॉलरचे करार, आणि प्रो टूरचं नाव बदलून मिथिक चॅम्पियनशिप, त्यातल्या काही अरीनावर. पुढच्या वर्षी पुन्हा नावं बदलली, प्लेअर्स टूर वगैरे. आणि मे २०२१ ला सांगून टाकलं की प्रो लीग बिग काही पुढे चालणार नाही, २०२१-२२ चा सीझन संपला की बंद.

या सगळ्या काळात काउंटरवर मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न होता, "इथून पुढे कुठे जायचं?" म्हणजे मी आमच्या दुकानात जिंकलो, आता पुढची पायरी कोणती? आणि माझ्याकडे उत्तर नसायचं. कंपनीचं पान उघडून वाचायचो, तीनदा वाचूनही कळायचं नाही. ते तीन-चार जण एकेक करून यायचे बंद झाले. एक पोकरकडे गेला, एक पोरंबाळं झाली म्हणून, एक नुसताच घरून अरीना खेळायला लागला. ते गेल्यावर बाकीचे लगेच गेले नाहीत बरं का, सात-आठ महिने येत राहिले, मग वीसाचे चौदा, चौदाचे नऊ, आणि आमच्याकडे इव्हेंट सुरू करायला आठ जण लागायचे, सात जमले की पाऊण तास वाट बघून सगळे घरी. दोन शुक्रवार असे फुकट गेले की तिसऱ्या शुक्रवारी तीनच येतात.

याच वेळी वरून बॅनचा, म्हणजे कार्डांवर बंदीचा, मारा. २०११ मध्ये जेस आणि स्टोनफोर्ज ही कार्डं बॅन झाली, त्यानंतर साडेपाच वर्षं स्टँडर्डमध्ये एकही बॅन नव्हता. लोकांना खात्री होती की घेतलेलं कार्ड रोटेशनपर्यंत चालणार. जानेवारी २०१७ ला एमराकुल, स्मगलर्स कॉप्टर, रिफ्लेक्टर मेज, तिन्ही एका दिवशी गेले. एप्रिलमध्ये तर कहरच, सोमवारी जाहीर केलं की स्टँडर्डमध्ये काही बदल नाही, लोकांनी त्यावर विश्वास ठेवून फेलिडार गार्डियनचे डेक विकत घेतले, आणि बुधवारी ते कार्ड बॅन.

आणि मग ओको. या एका कार्डावर थोडं थांबू, कारण तुमच्या ग्रुपातल्या नवीन पोरांनी ते कदाचित हाताळलंही नसेल. थ्रोन ऑफ एल्ड्रेन सेट, ऑक्टोबर २०१९. तीन मानाचा (माना म्हणजे कार्ड खेळायचा खर्च) प्लेन्सवॉकर (दर टर्नला एक करामत करणारं पात्र), म्हणजे बहुतेक वेळा तिसऱ्याच काय, दुसऱ्या टर्नला टेबलावर. लॉयल्टी, म्हणजे त्याचा जीव, चार. प्लस टू केलं (लॉयल्टी दोनने वाढवली) की एक फूड टोकन. प्लस वन केलं की कुठलंही आर्टिफॅक्ट (वस्तू) किंवा क्रीचर (प्राणी) तीन ताकद-तीन जीवाचं एल्क (हरीण) होतं, त्याच्या सगळ्या ॲबिलिटी पुसल्या. म्हणजे स्वतःच्या फूडचं एल्क करून हल्ला करा, नाहीतर समोरच्याने सात मानाचा राक्षस आणला असेल तर त्याचं एल्क करून टाका, आणि दोन्ही वेळा ओकोची लॉयल्टी वाढतेच, उतरायचं नाव नाही. साधारणपणे प्लेन्सवॉकर स्वतःला वाचवतो तेव्हा त्याची किंमत मोजतो, हा गडी वाचवतानाही वर चढायचा. रिचमंडच्या मिथिक चॅम्पियनशिपला दोन तृतीयांशाहून जास्त डेकमध्ये ओको होता. १८ नोव्हेंबरला बॅन. सेट येऊन दीड महिना झाला होता. नंतर पायोनियर, मॉडर्न, लेगसी, एकेका फॉरमॅटमधून हाकललं. कंपनीने कबूल केलं की शेवटच्या टप्प्यात कार्ड पुन्हा पुन्हा बदललं गेलं आणि त्याची ताकद नजरेतून सुटली. आणि ज्या प्ले डिझाईन टीमच्या नजरेतून सुटली ती २०१७ च्या बॅननंतर असले प्रकार होऊ नयेत म्हणूनच उभी केली होती, यावर काय बोलणार.

२०२० मध्ये तर बॅनची रांगच लागली. ऑगस्टमध्ये तेफेरी, ग्रोथ स्पायरल, वाइल्डरनेस रेक्लमेशन, कॉल्ड्रन फॅमिलियर. सप्टेंबरच्या शेवटी उरो. ओमनाथ २५ सप्टेंबरच्या सेटमध्ये आला आणि १२ ऑक्टोबरला गेला, अडीच आठवडे. त्याआधी जूनमध्ये कंपॅनियन नावाच्या जोडीदार कार्डांचा नियमच बदलून टाकला.

आता अरीनाचा मुद्दा इथे येतो, आणि तो लोक चुकीच्या बाजूने मांडतात. "फुकट ॲप आलं म्हणून लोक घरी बसले" हे अर्धंच खरं. ओको बॅन झाला तेव्हा अरीनावाल्याला त्याची वाइल्डकार्डं परत मिळाली, म्हणजे तेवढीच दुसरी मिथिक (सगळ्यात दुर्मिळ) कार्डं घ्या. कागदावर ज्याने पन्नास डॉलरच्या आसपास एक अशी चार कॉपी घेतली त्याला काय मिळालं? काही नाही. एकाच कंपनीचा, एकाच गेमचा, एकच निर्णय, आणि एका गिऱ्हाइकाला भरपाई नि दुसऱ्याला ठेंगा. हे एकदा कळलं की कुठला शहाणा माणूस कागदावर स्टँडर्ड खेळेल? माझ्यासमोर माणसाने हिशोब करून दाखवलाय काउंटरवरच, आणि मला खोडता आला नाही. दुसरं म्हणजे अरीनावर लाखो गेम रोज होतात, त्यामुळे पूर्वी जो मेटा (कुठले डेक जिंकतात याचं चित्र) उलगडायला दोन-अडीच महिने लागायचे तो आठवड्यात उलगडतो. शुक्रवारी दुकानात यायच्या आधीच सगळ्यांना माहीत, बेस्ट डेक कोणता. घरी बनवलेला वेडावाकडा डेक घेऊन येणाऱ्याची मजाच गेली, आणि असे वेडे डेक बनवणारे लोक हीच दुकानाची रौनक होती.

तरीही अरीना हा खुनी नाही, आणि याचा पुरावा दुसऱ्या गेमकडे आहे. पोकेमॉनचं कार्ड गेम घ्या. त्यालाही ऑनलाइन क्लायंट आहे, २०११ पासून, मग नवीन आलं. त्यालाही रोटेशन आहे. त्याला तर २०२०-२१ मध्ये असे दलाल चिकटले होते की दुकानात माल टिकत नव्हता. पण त्यांनी काय केलं, दुकानातल्या लीग चॅलेंज आणि लीग कपमध्ये चॅम्पियनशिप पॉइंट देणं सोडलं नाही, ते पॉइंट जमवत जमवत थेट वर्ल्ड्स या जागतिक स्पर्धेपर्यंत जाता येतं. आणि वरचा डेक बनवायला तुलनेने कमी पैसे. कोव्हिड उतरल्यावर आमच्या दुकानात पोकेमॉनचे लोक परत आले, मॅजिक स्टँडर्डचे आले नाहीत. ॲप दोघांनाही, साथ दोघांनाही. फरक शिडीचा.

कोव्हिडबद्दल एवढंच सांगतो. तो दुष्काळातला तेरावा महिना होता. मार्च २०२० ला दुकानातला खेळ बंद झाला आणि इकडे २०२१ च्या मध्याला पुन्हा सुरू झाला. तोवर लोकांच्या कपाटातले एल्ड्रेन आणि इकोरियाचे डेक तसेच पडून होते, आणि दोन-चार महिन्यांत, सप्टेंबरमध्ये, रोटेशन होऊन ते सेट बादच झाले. म्हणजे पैसे घालून घेतलेला डेक माणूस दीड वर्ष हातात न घेता रद्दी झाला. शेजारच्या कपाटात कमांडरचा डेक होता, तो मात्र जसाच्या तसा चालू, कारण तिथे रोटेशनच नाही. आता सांगा, पहिल्या शुक्रवारी तो माणूस कुठला डेक घेऊन येणार?

म्हणून कमांडरवाल्यांना शिव्या घालणं मला पटत नाही. अलास्कातल्या काही मित्रांचा घरगुती खेळ, शेल्डन मेनरी नावाच्या जजने जगभर नेला, शंभर कार्डं, प्रत्येकाची एकच कॉपी, चाळीस लाइफ, चौघांनी बसून गप्पा मारत खेळायचं. २०११ पासून कंपनी त्याचे तयार डेक काढतेय, म्हणजे स्टँडर्ड जोरात असतानाही तो होताच. कमांडर आला म्हणून स्टँडर्ड गेलं असं नाही, स्टँडर्डने सोडलेल्या खुर्च्यांवर कमांडर बसला. हां, यात आम्हा दुकानदारांचं पाप आहे ते मान्य करायला हवं. सात जणांच्या स्टँडर्डसाठी टेबल अडवून ठेवायचं की सोळा कमांडरवाले कोल्ड्रिंक पीत, स्लीव्ह घेत, तीन तास बसणार आहेत त्यांना द्यायचं, हा निर्णय कुठल्याही दुकानदाराने कसा घेतला असेल ते सांगायला नको. आम्ही कॅलेंडरवरून शुक्रवारचं स्टँडर्ड पुसलं ते कोणाच्या दबावाखाली नव्हे.

आणि खापर फोडायची सवय कुठवर जाते तेही बघा. सप्टेंबर २०२४ ला कमांडरच्या नियम समितीने मॅना क्रिप्ट, ज्वेल्ड लोटस वगैरे महागडी कार्डं बॅन केली. ही समिती म्हणजे फुकट काम करणारे स्वयंसेवक. त्यांना अशा धमक्या आल्या की आठवड्याभरात त्यांनी सगळा कारभार कंपनीच्या हातात देऊन टाकला. म्हणजे जे लोक "कंपनीपासून गेम वाचवा" म्हणून ओरडत होते त्यांनीच कंपनीच्या हाताबाहेर असलेली एकमेव गोष्ट तिच्या ओटीत घातली.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. कंपनीला उशिरा का होईना शहाणपण आलं. २०२३ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियाला प्रो टूर परत आली, त्याच नावाने. दुकानात पात्रता फेऱ्या, मग रिजनल (विभागीय) स्पर्धा, मग प्रो टूर, असा सरळ सांगता येईल असा रस्ता पुन्हा झाला. मे २०२३ ला रोटेशन तीन वर्षांचं केलं. नोव्हेंबर २०२४ चा फाउंडेशन्स सेट निदान २०२९ पर्यंत स्टँडर्डमध्ये राहणार. आणि खरंच, आमच्याकडे टेबलं पुन्हा भरायला लागली, शेऑल्ड्रेड हे एक कार्ड एकेकाळी सत्तर-ऐंशी डॉलरला गेलं होतं तरी लोक डेक बांधायला लागले, काउंटरवर पुन्हा "चौथी कॉपी आहे का" ऐकू आलं. पण एका हाताने देऊन दुसऱ्याने काढायची खोड गेलेली नाही. २०२५ पासून बाहेरच्या दुनियेतले (फायनल फँटसी, स्पायडरमॅनसारखे) सेटसुद्धा स्टँडर्डमध्ये आले, त्या वर्षी सहा सेट, आणि फायनल फँटसीचं एक पाकीट ६.९९ डॉलरला. जून २०२५ च्या शेवटी एका फटक्यात सात कार्डं बॅन. दर दोन महिन्यांनी नवा सेट म्हटल्यावर शुक्रवारचा माणूस धापाच टाकणार. स्पायडरमॅन चालतो की नाही यावर लोक तावातावाने भांडतात, मला त्यात फारसा रस नाही, कार्डावर कोणाचं चित्र आहे त्यापेक्षा ते किती दिवस टेबलावर राहणार हे महत्त्वाचं.

तर पुण्यातल्या मंडळींनो, तुमच्याकडे कंपनीची शिडी पोहोचो न पोहोचो, दहा-बारा जणांत स्वतःची एक लावता येते. महिन्यातले दोन रविवार स्टँडर्डचे पक्के करा, आणि सहा जण जमले तरी खेळायचंच, रद्द करायचं नाही. प्रत्येक विजयाला पॉइंट, चार महिन्यांनी वरच्या चौघांची फायनल, सगळ्यांनी थोडे थोडे पैसे काढून बक्षीस, आणि बक्षीस पहिल्यालाच देऊ नका, तिसऱ्या-चौथ्यालाही काहीतरी मिळू दे. घरगुती लीग आहे तर तिथे प्रॉक्सी (खऱ्या कार्डाऐवजी वापरायची नक्कल) चालू द्या, फक्त अधिकृत इव्हेंटला त्या चालत नाहीत एवढं नव्यांना आधी सांगा. खरी कार्डं घ्यायचीच असतील तर फाउंडेशन्समधून सुरुवात करा, ती लवकर बाद होणार नाहीत, आणि पाकिटं फोडत बसण्यापेक्षा सिंगल्स (सुटी कार्डं) घ्या, बाहेरून मागवलं तर कस्टम्स आणि शिपिंग धरून हिशोब करा, चौघांची ऑर्डर एकत्र गेली तर परवडतं. नव्या सेटमधलं महाग मिथिक पहिले दोन-तीन आठवडे अजिबात घेऊ नका, किमती तेव्हाच सगळ्यात चढलेल्या असतात आणि ओकोसारखं काही निघालंच तर ते तेवढ्यात कळतं. आणि तो हॅस्ब्रोवाला मित्र जर कलेक्टर बूस्टर बुक करणार असेल तर त्यातली जास्तीची कार्डं लीगच्या बक्षिसात टाकायला सांगा त्याला.